चित्र क्रमांक २१७ मधील सामुराईचा अर्ज

निंबसरीच्या वस्तुसंग्रहालयातल्या चित्र क्रमांक २१७ मधील सामुराईने ६ जानेवारी १९७८ रोजी अर्ज केला, की आपल्याला कोणीतरी एकदा हाळी द्यावी, म्हणजे हात खाली घेता येईल.

अर्ज साध्या कागदावर होता आणि हौसाबाई दुधाळ यांच्या अक्षरात होता. हौसाबाई आमच्याकडे परिचर आहेत. परदेशी दालनातल्या काचा पुसणं आणि शाळेच्या सहली आल्या की “हात लावायचा न्हाई” असं ओरडणं ही त्यांची मुख्य कामं. अर्जदाराचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्यांनी तोंडी सांगितलं आणि बाईंनी उतरवून घेतलं, असा खुलासा तळाशी होता. मी तेव्हा सहायक अभिरक्षक होतो. अभिरक्षकाची जागा नऊ वर्षं रिकामी असल्यामुळे सगळे अर्ज माझ्याच टेबलावर येत. मी अर्जावर आवक क्रमांक घातला आणि चित्र बघायला गेलो.

हे चित्र निंबसरी संस्थानच्या राजेसाहेबांनी १९११ साली जपानहून आणलं. लाकडावर ठसे कोरून, एकेका रंगाला एकेक ठसा वापरून छापलेलं, नाटकातल्या प्रसंगाचं चित्र. दोन उभे कागद शेजारी शेजारी लावलेले आहेत. उजव्या कागदावर टेकडी, देवदाराचं झाड आणि उतरत येणारी वाट. डाव्या कागदावर सामुराई, एका हातात मोडकी कागदी छत्री, दुसरा हात पुढे केलेला, आणि त्या हातापासून तीन पावलांवर, अगदी कडेला, एक बंद दार. सगळीकडे बर्फ. सामुराईचे डोळे नाकाकडे वळलेले आहेत. संस्थानच्या कारकुनाने नोंदवहीत ‘जपानी योद्धा, रागावलेला’ असं लिहून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं आम्हीही शाळेच्या मुलांना तेच सांगत होतो.

“रागावलेलो न्हाई मी,” सामुराई म्हणाले. त्यांचे ओठ हलले नाहीत. आवाज हळू होता, शेजारच्या खोलीत कोणी बोलावं तसा. “नाटकात ऐन जागी आलं की आमच्यात असंच थांबायचं असतं. मान झटकायची, डोळं फिरवायचं आन् थिजायचं. ‘मिए’ म्हनत्यात त्याला. मग पार मागं बसलेला कोणीतरी जाणकार आमच्या घराण्याचं नाव घेऊन हाळी देतो. ती मिळाली की पुढं सरकायचं.”

“आणि नाही मिळाली तर?”

“आमच्या घराण्यात तरी ती मिळाल्याबिगर हालत न्हाईत,” ते म्हणाले. “चित्रवाल्यानं मला त्याच्या आधीच धरलं. सव्वाशे वर्षं झाली, साहेब.”

त्यांचं मराठी आमच्याच भागातलं आहे. ते त्यांनी हौसाबाईंकडून आणि हौसाबाईंच्या आधी तीस वर्षं काचा पुसणाऱ्या त्यांच्या सासूकडून उचललं. मध्येच एखादा शब्द सहलीबरोबर आलेल्या मास्तरांचा असतो.

मी विचारलं की आपण स्वतः सामुराई आहात की सामुराईचं काम करणारे नट. अर्जात हा तपशील नव्हता आणि टिपणी लिहिताना लागला असता. ते म्हणाले की दोन्ही. छापताना वेगळं केलेलं नाही. मी तसं लिहून घेतलं.

नाटकाची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. हा माणूस धन्याच्या हुकमावरून एकोणीस वर्षं खोटं नाव घेऊन परमुलखात राहिला. घरी निरोप गेला की तो मेला. आता काम संपलं आहे आणि तो बर्फातून आपल्या दारापाशी आला आहे. आत बायको आहे. त्याने दार सरकवायचं, एवढंच राहिलं आहे.

“पुढं काय होतं नाटकात?” मी विचारलं.

“ते दार उघडल्यावर,” सामुराई म्हणाले.

“बरं. घराण्याचं नाव सांगा, मी बघतो.”

हौसाबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, “सायेब, ते त्येनी कसं सांगायचं? आपलीच हाळी आपल्याच तोंडानं?”

“हाळी पायजे येवढं मागितलं,” सामुराई म्हणाले. “कुठली ते मागणार न्हाई.”

मला ते पटलं. चित्राच्या ज्या कोपऱ्यात नटाचं नाव छापलेलं असणार, तो कोपरा कसरीने फार पूर्वीच खाल्ला होता. पण सामुराईंच्या बाहीवर एका वर्तुळात देवदाराच्या तीन काड्या होत्या, आणि ते घराण्याचं चिन्ह असावं असं मला वाटलं. मी बटर पेपर लावून ते चिन्ह गिरवलं आणि क्योतोला इशिमोरी नावाच्या प्राध्यापकांकडे पाठवून दिलं. त्यांचा पत्ता आमच्या एका जुन्या नियतकालिकाच्या मागच्या पानावर होता. दुसरीकडे मी संचालनालयाला परवानगीसाठी लिहिलं. सरकारी संग्रहातल्या वस्तूला हाळी द्यायची तर वरून मंजुरी लागणारच.

इशिमोरींचं उत्तर मार्चमध्ये आलं. बारीक, नीटनेटकं अक्षर. घराण्याचं नाव सुगिनोया. त्यांनी त्याचा उच्चारही समजावून दिला होता: शेवटचा ‘या’ लांबवायचा, पण ओढायचा नाही. पत्राच्या दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की हे चित्र मुळात तीन कागदांचं आहे. उजवीकडे वाट, मध्ये सामुराई आणि दार, डावीकडे घराचा आतला भाग: शेगडी, आणि शेगडीपाशी बसलेली बायको. ‘तिसऱ्या कागदाची एकही प्रत शिल्लक असल्याचं मला माहीत नाही. आपल्याकडे असल्यास अवश्य कळवावे.’

मी पत्र दोनदा वाचलं. मग संस्थानची जुनी दप्तरं काढली. राजेसाहेबांनी दोनच कागद आणले होते, दोनच नोंदले होते, दोनच चौकटीत बसवले होते. दारामागे काहीही नव्हतं. दार संपलं की कागद संपत होता, आणि त्यानंतर पुठ्ठा आणि सागवानी चौकट.

पत्राचं पहिलं पान मी फाइलला लावलं. दुसरं घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीखाली ठेवलं. मी नियमाने चालणारा माणूस आहे आणि आयुष्यात कागद दडवण्याचं काम मी तेवढंच केलं. सामुराईंना सांगावं असं रोज मनात यायचं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की त्यांचा तो पुढे केलेला हात दिसायचा, आणि मी हौसाबाईंना काच नीट पुसायला सांगून परत फिरायचो.

जपानी चित्रांचे रंग उजेडाने उडतात. म्हणून वर्षातले पहिले तीन महिने ती भिंतीवर, तेही पडद्याआड, आणि उरलेले नऊ महिने मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवायची, असा नियम आहे. एकतीस मार्चला आम्ही चित्र उतरवलं. हौसाबाईंनी कपाट लावताना आत डोकं घालून “येतो हां पावणं, डिसेंबर संपला की” असं सांगितलं. त्या नऊ महिन्यांत ते तसेच उभे होते, हात पुढे करून, काळोखात. मला घरी जेवताना ते आठवायचं.

संचालनालयाने मधल्या काळात तीन शंका काढल्या. पहिली, व्यक्तीची हालचाल झाल्यास वस्तूचं स्वरूप बदलतं काय. मी कळवलं की कागद तोच राहतो. दुसरी, अर्जदार संग्रहालय सोडून जाण्याचा संभव आहे काय. मी कळवलं की त्यांना फक्त तीन पावलं जायचं आहे. तिसरी शंका अशी होती, की अशीच मागणी इतर चित्रांनी केल्यास काय करावं. यावर मी सगळ्या दालनांतून फिरून चौकशी केली आणि इतर कोणाचीही मागणी नाही असं प्रमाणपत्र जोडलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली: कार्यालयीन वेळेत, प्रेक्षकांसमोर, तीन महिन्यांची प्रदर्शनाची मुदत न ओलांडता.

हाळी देण्यासाठी मी बापू पोतनीसांना गाठलं. बापू एकोणऐंशी वर्षांचे. संगीत नाटकांच्या दिवसांत निंबसरीला येणाऱ्या प्रत्येक कंपनीचा प्रत्येक प्रयोग त्यांनी पिटात बसून पाहिलेला. त्यांनी वन्स मोअर दिला नाही तर ते पद पडलं असं गावात समजत. त्यांना सगळं समजावलं आणि शेवटी बजावून सांगितलं की एकच शब्द उच्चारायचा आहे, दुसरा चुकूनही तोंडातून जाता कामा नये.

“नेर्लेकर,” बापू म्हणाले, “कुठं दाद द्यायची आणि कुठं तोंड मिटून बसायचं, ते तुम्ही मला शिकवणार?”

त्यांना राग आला होता. तरी त्यांनी पंधरा दिवस नदीवर जाऊन सराव केला. धुणं धुणाऱ्या बायका सांगायच्या, म्हातारा पाण्याकडे तोंड करून कोणत्या तरी सुगिनाला हाका मारतोय.

पहिला कार्यक्रम १३ जानेवारीला, शनिवारी दुपारी तीन वाजता झाला. सत्तर-ऐंशी माणसं आली. शाळेतून सतरंज्या आणल्या होत्या. बापू सगळ्यांत मागे, पेंढा भरलेल्या मगरीशेजारी उभे राहिले. उन्हाचा एक पट्टा गजातून फरशीवर पडला होता, तो चित्रावर येऊ नये म्हणून मी खिडकीला चादर लावली. हौसाबाईंनी पडदा बाजूला केला. माणसं आपोआप गप्प झाली. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, पण ती शांतता बरीच लांबली. बापू थांबले होते. आणखी थांबले. आणि आता फार उशीर झाला असं मला वाटत असतानाच ते म्हणाले:

“सुगिनोया!”

सामुराईंचे डोळे सरळ झाले. हात खाली आला. खळ लावलेलं कापड उलगडताना होतो तसा एक आवाज झाला. त्यांनी छत्री मिटायचा प्रयत्न केला, ती मोडकी असल्याने मिटेना, तेव्हा ती तशीच बर्फात टेकवून ठेवली. मग त्यांनी श्वास सोडला आणि तो काचेच्या आतून वाफ होऊन दिसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर घट्ट लपेटून घेतला. ते एक पाऊल चालले. बर्फात पाऊल उमटलं. दुसरं चालले. तिसरं पाऊल टाकून त्यांनी दाराला हात लावला.

आता ते दार सरकवणार आणि समोर पुठ्ठा दिसणार. एकोणीस वर्षं आणि वर सव्वाशे वर्षं, आणि त्यानंतर चौकटीचा खिळा. काय करावं ते सुचेना, आणि मी ओरडलो:

“वन्स मोअर!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून बापू कळवळून म्हणाले, “अहो, पद तरी पुरं होऊ द्या!” पण निंबसरीच्या माणसांना एकाने सुरुवात करून दिली की पुरतं. चारी बाजूंनी वन्स मोअर सुरू झाला. टाळ्या पडल्या. सामुराईंचा हात दारावरच होता. त्यांनी मान वळवून लोकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हा शब्द सहलीच्या मास्तरांकडून कधीतरी कळला असावा. त्यांनी दारावरचा हात काढला, कमरेतून वाकून नमस्कार केला, छत्री उचलली आणि उजव्या कागदावरची वाट चढून देवदारामागे गेले. मग तिथून परत आले, आपल्या जागेवर उभे राहिले, मान झटकली, डोळे फिरवले आणि थिजले. लोक घरी गेले ते तोंडभर कौतुक करत.

“हाळी मिळाली,” सामुराई नंतर हौसाबाईंना म्हणाले, “आन् वर आणखी मागणी पण झाली. आमच्या घराण्यात कुणाला झाली नव्हती.”

त्यानंतर दर शनिवारी तसंच झालं. बापू हाळी द्यायचे, सामुराई तीन पावलं चालायचे, दाराला हात लावायचे, आणि मी ओरडायचो. फेब्रुवारीत आसपासच्या गावांतून बैलगाड्या यायला लागल्या. लोक येताना मुलांना स्वेटर घालून आणत, कारण दालनात खरोखरच गारठा वाढला होता. काही जण नंतर सांगत की आपण पहिल्या रांगेत बसून बर्फ पाहिला, आणि घरी गेल्यावर दोन दिवस सगळं पांढरं आणि मऊ वाटत राहिलं. मलाही तसंच व्हायचं. शनिवारी संध्याकाळी मी सायकल हातात धरून चालत घरी जायचो आणि रस्ता कधी संपला ते कळायचं नाही.

मार्च लागला तेव्हा सामुराई वाट चढताना देवदाराला हात टेकायला लागले. लोकांच्या ते ध्यानात आलं नाही. बापूंच्या आलं. एका शनिवारी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि चष्मा पुसत राहिले.

“मी आयुष्यभर वन्स मोअर दिला,” ते म्हणाले. “पण तो नटाला दिला. तुम्ही त्या माणसाला घरी जाऊ देत नाही आहात.”

“लोकांना आवडतं,” मी म्हणालो.

“लोकांचं मी बघतो. तुमचं काय आहे?”

मी ड्रॉवरकडे पाहिलं. बापू काठी घेऊन उठले. जाताना एवढंच म्हणाले की एकतीस तारखेला शेवटचा शनिवार आहे, त्यानंतर चित्र नऊ महिने काळोखात जाईल, याची मला आठवण असावी.

तीस मार्चला सकाळी हौसाबाई सांगत आल्या की पावणं बोलवत्यात. मी गेलो. पडदा बाजूला होता. हौसाबाई बादली घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, मी त्यांना जा म्हटलं नाही.

“साहेब,” सामुराई म्हणाले, “उद्या नगा ओरडू.”

“का बरं? लोक किती लांबून...”

“तिसरा कागद न्हाई, ते मला ठाऊक हाय.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. “कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? सव्वाशे वर्षं त्या कडंला कान लावून उभा हाय. तिकडनं वारा येतो. आत शेगडी असती तर कळलं असतं. माणूस असतं तर त्याच्याबी आधी कळलं असतं.”

“मग दर वेळी परत का फिरत होता तुम्ही?”

“तुम्ही मागितलं. मागितलं की द्यायचं असतं,” ते म्हणाले. “आन् खरं सांगायचं तर मलाबी भ्या वाटायचं. दाराला हात लावला की छातीत धडधडायचं. तुम्ही ओरडला की बरं वाटायचं, चला, आज सुटलो.”

मी म्हणालो की मलाही तसंच वाटायचं. पत्राचं दुसरं पान मी लपवलं, तेही सांगितलं. ते रागावले नाहीत.

“पण आता पुना नऊ महिनं त्या कपाटात हात पुढं करून उभं ऱ्हायचं म्हणजे जमंल असं वाटत न्हाई,” ते म्हणाले. “एकदा चालल्यावर माणसाला तसं थिजवत न्हाई.”

“तिकडे काही छापलेलं नाही,” मी म्हणालो. “पुठ्ठा आहे नुसता. तुम्ही जाणार कुठे?”

“साहेब, तुमचं ते भिंग आणा.”

मी भिंग आणलं.

“ह्यो बर्फ बघा. कुठला रंग लावलाय त्याला?”

मी काचेला नाक लावून पाहिलं. निळ्याला निळा होता, दाराला तपकिरी होता, देवदाराला हिरवा होता. बर्फाला कोणताच रंग नव्हता. ठसेवाल्याने तिथे ठसा टेकवलेलाच नव्हता. तो नुसता कोरा कागद होता. पंधरा वर्षं हे चित्र माझ्या ताब्यात होतं आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

“कोरा आहे,” मी म्हणालो.

“कुनी छापलाच न्हाई त्यो,” सामुराई म्हणाले. “पण पाय गारठल्यात माझं.”

हौसाबाईंनी बादली खाली ठेवली आणि पदराने नाक पुसलं.

शनिवारी आतापर्यंतची सगळ्यांत मोठी गर्दी झाली. माणसं व्हरांड्यात आणि पायऱ्यांवरही उभी होती. बापू मगरीशेजारी उभे राहिले. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग त्यांनी हाळी दिली आणि ती इतकी स्वच्छ आली की खिडकीवरची चादर हलल्यासारखी वाटली.

सामुराई निघाले. या वेळी त्यांनी छत्री तिथेच टाकून दिली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. दाराला हात लावला. सगळं दालन माझ्याकडे बघायला लागलं. लोकांना आता तशी सवय झाली होती. कोणीतरी मला हळूच ढोसलंही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला ओरडायचं होतं. आजवर इतकं कशासाठीच ओरडावंसं वाटलं नव्हतं. त्या बाराव्या शनिवारी मी तोंड मिटून बसलो, आणि मी गप्प म्हणून लोकही गप्प राहिले.

सामुराईंनी पायांतल्या गवती चपला काढल्या. घाई झाली असावी. एक सरळ पडली, दुसरी दूर जाऊन उलटी झाली. त्यांनी दार सरकवलं. दार अगदी कागदाच्या कडेला असल्यामुळे आत काय आहे ते आम्हाला दिसलं नाही. ते थोडे वाकले, उंबरा ओलांडला आणि आत गेले. दार मागे सरकलं आणि बंद झालं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बापू मागून “गेला” एवढंच म्हणाले. लोक चपला शोधत हळूहळू बाहेर पडले, देवळातून निघावं तसे. मी दाराकडे बघत बसलो होतो. आत काही आवाज येतो का, म्हणून हौसाबाईंनी काचेला कान लावला. पाच वाजले, तेव्हा आम्ही पडदा ओढून कुलूप लावलं. रात्रभर मला झोप लागली नाही. त्या पुठ्ठ्यात तो माणूस कुठे उभा असेल, अंगावर कोरडं काही असेल का, हेच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र उतरवून अंधाऱ्या खोलीत न्यायचं होतं. मी पोचलो तेव्हा हौसाबाई आधीच आल्या होत्या आणि पडदा बाजूला करून उभ्या होत्या.

“सायेब, हिकडं या,” त्या म्हणाल्या.

चित्रात टेकडी होती, देवदार होता, छत्री पडलेली होती, दार बंद होतं. दाराबाहेर चपला होत्या. दोन्ही सरळ, एकमेकींना चिकटून, बर्फ झटकलेल्या, आणि पुढची टोकं वाटेकडे केलेली, म्हणजे निघताना पाय घातला की झालं.

“काल नंतर त्यांनीच उचलून ठेवल्या असतील,” मी म्हणालो.

“गडीमानूस चपला अशा ठेवतोय व्हय?” हौसाबाई म्हणाल्या.

मी भिंग काढलं आणि परत खिशात ठेवलं. मग आम्ही चौकट दोन बाजूंनी धरून खिळ्यावरून उचलली. खोलीचं दार अरुंद आहे, म्हणून मी नेहमीप्रमाणे ती तिरकी करायला गेलो.

“आडवं करू नगा, सायेब,” हौसाबाई म्हणाल्या. “आत शेगडी पेटली असंल.”

मी चित्र सरळ धरलं.